‘मी मोडणार नाही, हे त्याला कसं सांगू?’

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी अपघातात पाठीच्या कण्याला मार लागला. रिपोर्टवर ‘डी-५, कम्प्लीट’ असं लिहिलंय. छातीच्या खालचं काही कळत नाही, पाय हलत नाहीत. हात उत्तम चालतात, घरून नोकरी करते. नवरा चांगला आहे, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच समजतात. दिवसा मदतीला एक बाई येतात. पण कॅथेटर, सकाळी पोट साफ करणं, रात्री कूस बदलणं हे सगळं तोच करतो. मात्र या चार वर्षांत त्याने मला एकदाही जवळ घेतलेलं नाही. एकदा मी त्याचा हात धरून ठेवला, तर म्हणाला, “तुला काही झालं तर?” आणि उठून लघवीची पिशवी रिकामी करायला गेला. बहिणीशी बोलले, तर ती म्हणाली, जीव वाचला हेच पुष्कळ, आता हे काय काढलंस. एका स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, तर त्यांनी नवऱ्याकडे बघून हसत विषय बदलला. खाली काही कळत नाही, मग मला हवंसं का वाटतं? आणि मला कळणारच नसेल, तर जवळ येऊन त्याला तरी काय मिळणार? पिशवी, वास, अचानक ताठणारे पाय… मीच मला नकोशी वाटते. हे मागणं चूक आहे का? मूल होईल का, हे विचारायचं तर धाडसच झालेलं नाही.

उत्तर : चूक मुळीच नाही. इच्छा मेंदूत जागी होते, हार्मोन्सची तिला साथ असते, आणि तुमच्या अपघाताने यातल्या कशालाही धक्का लागलेला नाही. मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे मेंदू आणि खालचं शरीर यांच्यातले निरोप तुटले. हवंसं वाटणं ज्या ठिकाणी तयार होतं, ते ठिकाण इजेच्या बरंच वर आहे. तेव्हा ‘का वाटतं’ याचं उत्तर एवढंच, की तुम्ही ३४ वर्षांच्या आहात आणि तुमचं तुमच्या नवऱ्यावर प्रेम आहे.

बहिणीचं वाक्य मायेपोटी आलं असेल. पण त्याने माणसावर जन्मभराचं कर्ज चढतं : वाचलीस ना, मग आता आणखी काही मागू नकोस. त्या डॉक्टरांबद्दल मात्र मला इतकं मऊ होता येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली मंजूर झाला. त्याच्या २५व्या कलमात लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचा स्पष्ट उल्लेख आहे : इतरांना जी आणि ज्या दर्जाची सेवा मिळते, तीच अपंगांनाही मिळाली पाहिजे. प्रत्यक्षात मणक्याची इजा झालेल्या पुरुषाला निदान ‘ताठरता येते का’ एवढं तरी कुणी विचारतं. बाईला तेवढंही विचारत नाहीत. आणि तुमच्या शरीराबद्दलच्या प्रश्नावर नवऱ्याकडे बघून हसणं, ही तर आणखीच वेगळी तऱ्हा. डॉक्टर बदला.

आता नवऱ्याबद्दल. त्याला तुम्ही नकोशा झाला आहात, असं पत्रावरून मला तरी वाटलं नाही. रोज सकाळी पोट साफ करायचं, कॅथेटरची जागा धुवायची, पाठीवर कुठे लाल डाग तर नाही ना हे तपासायचं, हे चार वर्षं करून त्याच्या हातांना तुमचं शरीर म्हणजे कामांची यादी झालं आहे. जोडीदारच शुश्रूषा करतो तिथे हे सर्रास घडतं. त्यात भीती आहे. आणि बहुधा एक न बोललेला अपराधीपणाही : ही एवढं सोसतेय आणि मला हे कसं सुचतं! तुम्ही हात धरला तेव्हा तो पिशवीकडे वळला, कारण पिशवीचं काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून सुरुवात अंथरुणात करू नका, कामांच्या वाटणीपासून करा. दिवसा येणाऱ्या बाईंना थोडं लवकर बोलावता येत असेल, तर पोट साफ करण्याचं काम आधी त्यांच्याकडे द्या. सगळी कामं देणं परवडत नसेल तर निदान हे एक द्या, कारण जवळिकीच्या आड सर्वांत जास्त हेच येतं. काही कामं तुम्हाला स्वतःलाही शिकता येतील. चालत्या हातांच्या अनेक जणी आरसा वापरून स्वतःचा कॅथेटर स्वतः सांभाळतात. फिजिओथेरपिस्ट किंवा पुनर्वसन केंद्रातल्या नर्सला विचारा. काही जोडप्यांना या सगळ्याचा काहीच अडसर होत नाही, तीही मी पाहिली आहेत. पिशवी बदलतात, हात धुतात आणि हसत पांघरुणात शिरतात. तुमच्या घरी मात्र अडसर होतोय असं दिसतं.

मग बोला. शुश्रूषा चालू असताना नको आणि तुम्ही पडून, तो उभा असतानाही नको. तुम्ही व्हीलचेअरमध्ये नीट बसलेल्या, तो समोर खुर्चीवर, डोळे एका उंचीवर. ‘तू माझ्याजवळ येत नाहीस’ अशी सुरुवात केलीत तर तो स्वतःचा बचाव करायला लागेल. त्यापेक्षा सरळ सांगा : ‘मला तू हवा आहेस. नर्स नको, तू. मला कशाची लाज वाटते ते मी सांगते, तुला कशाची भीती वाटते ते तू सांग.’ आणि मग खरोखर ऐका. तो कदाचित म्हणेल की त्याला आता तसं काही वाटतच नाही. ऐकायला जड जाईल. नको म्हणायचा हक्क त्यालाही आहे. पण चार वर्षांच्या दमणुकीनंतर आलेल्या ‘वाटत नाही’चा अर्थ ‘कधीच वाटणार नाही’ असा काढायची घाई करू नका. तो अगदीच मिटून गेला असेल तर समुपदेशकाकडे दोघांनी जा. त्याला एकट्याला पाठवू नका. दोष त्याचा आहे असं त्याला वाटेल.

सुरुवातीचे काही आठवडे संभोग करायचाच नाही, असं ठरवून टाका. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीने १९७०च्या सुमारास ही पद्धत रुजवली : काही काळ फक्त स्पर्श, पुढे काहीही सिद्ध करायचं नाही. ती अपंगत्वासाठी बेतलेली नव्हती, पण तुमच्यासारख्या जोडप्याच्या फार उपयोगी पडते, कारण ‘तुला काही झालं तर’ या भीतीला त्यात शिरायला जागाच उरत नाही.

या काळात तुमच्या आजच्या शरीराची ओळख करून घ्या, कारण ती तुम्हा दोघांनाही नाही. ‘डी-५’ म्हणजे छातीच्या पाचव्या पातळीपर्यंतची संवेदना शाबूत आहे, आणि ‘कम्प्लीट’ म्हणजे त्याखालची संवेदना आणि हालचाल पूर्ण गेलेली. स्तनाग्रांची पातळी चौथी. म्हणजे चेहरा, कान, मान, खांदे, हात, तळवे, स्तन हे सगळं अजून तुमचं आहे. ‘छातीच्या खालचं काही कळत नाही’ हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकलं आणि सांगितलं असेल की वरचं किती कळतं, हे कुणी मोजलंच नसेल. नेमकी सीमा प्रत्येकीची थोडी वेगळी असते. तुम्ही डोळे मिटा, त्याला बोटाने हळूहळू खाली यायला सांगा, आणि कळणं कुठे पुसट होतं ते सांगत राहा. त्या सीमेवरचा पट्टा अनेकांच्या बाबतीत जास्त हळवा झालेला असतो. कुणाला तिथला स्पर्श विलक्षण सुखाचा वाटतो, कुणाला झोंबतो. बोट, ओठ, मऊ कापड, कोमट हात, सगळं करून बघा. (गरम पिशवी किंवा बर्फ मात्र नको. संवेदना नसलेली त्वचा भाजली तरी तुम्हाला कळणार नाही.)

आता सीमेच्या खालचं. तिथे काहीच घडत नाही असं तुम्ही धरून चाललात, ते खरं नाही. योनीत ओलावा येण्याचे दोन मार्ग असतात. मनातल्या विचारांनी येणारा ओलावा मेंदूकडून कण्याच्या खालच्या भागात, साधारण डी-११ ते एल-२ या पट्ट्यात पोचणाऱ्या निरोपांवर अवलंबून असतो. तो मार्ग तुमच्यात तुटलेला असणार. दुसरा मार्ग स्पर्शाचा. तो कण्याच्या अगदी टोकाशी, एस-२ ते एस-४ या भागातच पूर्ण होतो, मेंदूपर्यंत जायची त्याला गरज नसते. तुमची इजा बरीच वर असल्यामुळे हा मार्ग चालू असण्याची शक्यता चांगली आहे. तरी पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट जेल सढळ हाताने वापराच. कोरडेपणामुळे घर्षण झालं तर तुम्हाला जळजळ जाणवणार नाही, नुसती जखम होईल. तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, त्यांनी लेटेक्सचा कंडोम फाटतो.

आणि परमोच्च सुख? मार्का सिप्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगशाळेतला अभ्यास आहे. त्यात मज्जारज्जूची इजा असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून थोड्या कमी जणी तिथपर्यंत पोचल्या. इजा नसलेल्या सगळ्याच पोचल्या होत्या आणि त्यांना वेळही कमी लागला. ज्यांच्या कण्याच्या टोकाचाच भाग पूर्ण निकामी होता त्यांचं प्रमाण फार कमी होतं. तुमची इजा त्या प्रकारची नाही. बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल या संशोधकांनी तर ‘कम्प्लीट’ इजा असलेल्या स्त्रियांचाच अभ्यास केला, आणि वेगस हा मज्जातंतू कण्याला वळसा घालून आतल्या अवयवांच्या संवेदना थेट मेंदूकडे नेत असावा, असं मांडलं. म्हणजे रिपोर्टवरच्या ‘कम्प्लीट’ या शब्दाला तुम्ही देता तितका मान द्यायचं कारण नाही. अनुभव पूर्वीसारखाच असेल असंही नाही. कुणी उबेची लाट म्हणते, कुणी पाय ताठून मग सैल होणं म्हणते, कुणाला नुसतं खूप शांत वाटतं. वेळ जास्त लागतो. नैराश्याची किंवा मज्जातंतूंच्या वेदनेची गोळी चालू असेल तर तिचाही परिणाम इच्छेवर आणि सुखावर होतो. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

यातलं बरंचसं एकटीने शोधलं तर सोपं जातं. पण दार लावून एकटं असायला तुम्हाला वेळ मिळतो का? मला शंका आहे. अपंग माणसाच्या खोलीत सगळे न विचारता येतात-जातात, आणि त्यात काही खटकावं हेही कुणाला सुचत नाही. दारावर टकटक करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मदतीच्या बाईंनाही. कपडेही बघा. चार वर्षं तुमच्या अंगावर काय असावं, हे घालायला-काढायला काय सोपं यावरूनच ठरत असेल. एखादी गोष्ट निव्वळ तुम्हाला आवडते म्हणून घाला. ‘मीच मला नकोशी’ हे कुणाच्या समजावण्याने जात नाही, माझ्याही नाही. स्वतःवरचा ताबा थोडा थोडा परत आला की ते सैल पडत जातं.

‘त्याला काय मिळणार’ हे तर त्यालाच विचारा. पुरुषाला एका अवयवाच्या पलीकडे काही नको असतं, असं तुम्ही परस्पर धरून चालला आहात. तुमचा श्वास, तुमचा चेहरा, तुम्ही पुन्हा त्याला मागितलंत हे, याची त्याच्या लेखी काय किंमत आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही. शिवाय हात उत्तम चालतात असं तुम्हीच लिहिलंय. त्याला सुख देणं अक्षरशः तुमच्या हातात आहे.

पुढचं सगळं कामाचं. मूत्रमार्ग आणि योनी यांची तोंडं वेगळी आहेत, त्यामुळे कॅथेटर आत असतानाही संभोग करता येतो. आधी पिशवी रिकामी करायची, नळी वर घेऊन थोडी सैल ठेवून पोटाला टेपने चिकटवायची, म्हणजे ती ओढली जात नाही आणि पिळतही नाही. ही नळी कायमची ठेवायची असेल, तर ओटीपोटातून घातलेला कॅथेटर अनेकींना जास्त सोयीचा वाटतो, युरोलॉजिस्टशी बोला. आधी आणि नंतर धुवायचं. एखादा थेंब गळाला तर गळाला, खाली टॉवेल असू द्या. नंतरच्या दोन-तीन दिवसांत लघवी गढूळ झाली, घाण वास आला, ताप आला किंवा पाय एरवीपेक्षा जास्त ताठू लागले, तर तपासणी करा. लघवीच्या संसर्गाची जळजळ तुम्हाला कळणार नाही, हीच लक्षणं कळतील.

कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी आणि तो पाठीमागून, ही सुरुवातीला सर्वांत निवांत स्थिती. पाय कमी ताठतात आणि तुमच्यावर वजनही येत नाही. पाय ताठलेच तर त्याने थांबावं, हात ठेवून वाट बघावी. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन घेत असाल तर गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. नवऱ्याची भीती एका बाबतीत रास्त आहे. इजेच्या खालची हाडं, विशेषतः गुडघ्याच्या आसपासची, न चालल्यामुळे ठिसूळ झालेली असतात. म्हणून पाय जोर लावून फाकवायचे नाहीत. हे एक पथ्य पाळलं आणि सगळं हळू घेतलं, तर तुम्ही मोडत नाही, असं त्याला माझ्या नावाने सांगा. नंतर कंबर, माकडहाड, नितंब, टाचा एकदा बघायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागेवर दाब येऊ द्यायचा नाही.

आणि एक धोका दोघांनीही पाठ करावा असा. डी-६ किंवा त्याच्या वरची इजा असलेल्यांचा, म्हणजे तुमचाही, रक्तदाब खालच्या एखाद्या उत्तेजनाने एकदम भडकू शकतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. भरलेलं मूत्राशय, पिळलेली नळी, तुंबलेला मळ यांनी होतो, आणि लैंगिक उत्तेजनानेही, विशेषतः व्हायब्रेटरने. डोकं ठणकायला लागतं, चेहरा-मान लाल होते, वरच्या भागाला दरदरून घाम फुटतो. असं झालं की त्या क्षणी थांबायचं, तुम्हाला सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, अंगावरचं घट्ट काही असेल तर सैल करायचं, नळी मोकळी आहे ना बघायचं. बहुतेक वेळा एवढ्याने उतरतं. काही मिनिटांत उतरलं नाही तर थेट तातडीच्या विभागात जायचं आणि हे नाव सांगायचं, कारण पक्षाघात होण्याइतका दाब वाढू शकतो. तुम्हाला याआधी असं कधी झालं असेल, तर सुरुवात करण्यापूर्वीच पुनर्वसन तज्ज्ञाला सांगा. ‘तुला काही झालं तर’ या प्रश्नाला नवऱ्याला खरं उत्तर हवं असेल तर ते हे आहे : काय होऊ शकतं ते माहीत आहे, आणि झाल्यास काय करायचं तेही.

अशीच इजा झालेल्या पुरुष वाचकांसाठी एवढंच : ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा तुमच्यापैकी अनेकांना चांगला उपयोग होतो, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. डिसरिफ्लेक्सियाच्या उपचारात रक्तदाब उतरवायला कधी नायट्रेट देतात, आणि या दोन औषधांची गाठ जिवावर बेतू शकते. तातडीच्या विभागात पोचलात तर गोळी घेतल्याचं लपवू नका. वीर्य बाहेर येत नसलं तरी ते मिळवण्याचे मार्ग आहेत, तेव्हा मूल होणार नाही असं ठरवून बसू नका.

तुमच्या मुलाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर : होऊ शकतं. इजेनंतर अनेकींची पाळी काही महिने बंद राहते आणि मग परत येते, आणि ती आली की गर्भधारणेची क्षमता पूर्वीसारखीच असते. गरोदरपणात लघवीचा संसर्ग, त्वचेच्या जखमा, रक्ताच्या गुठळ्या यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. प्रसूतिकळा तुम्हाला नेहमीसारख्या कळणार नाहीत आणि त्या वेळी डिसरिफ्लेक्सियाची भीती असते, म्हणून भूलतज्ज्ञ सुरुवातीपासून सोबत असेल असं मोठं रुग्णालय आधीच ठरवून ठेवावं लागेल. मूल इतक्यात नको असेल तर त्याचाही आजच विचार करा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो, त्यामुळे बसून असणाऱ्या बाईला त्या सहसा देत नाहीत. तांबी बसवली आणि आत काही बिघडलं तर दुखून कळणार नाही. तेव्हा नव्या डॉक्टरांकडे पहिला प्रश्न हाच घेऊन जा, आणि तोवर कंडोम जवळ ठेवा. चार वर्षांनंतरच्या पहिल्याच रात्री दिवस राहायला तुमच्या मणक्याची काहीही हरकत नसते.